डाव्या मांडीवरची तिसरी वळी

नाव : श्रीमती चंद्री बारकू मेंगाळ. लिंग : स्त्री. वैवाहिक स्थिती : विधवा. वय : अंदाजे चोपन्न (जन्मदाखला नाही, अर्जदाराच्या सांगण्यानुसार बारवी धरणाचे काम चालू असताना ती रांगत होती). राहणार : बदलापूरच्या पुढे, बारवीच्या अंगाला, डोंगराखालचा पाडा. शिक्षण : निरंक. व्यवसाय : घरकाम (इतर). कौशल्य : निरंक. प्रवर्ग : अकुशल. ओळखखूण : सांगता आली नाही. अंगठ्याचा ठसा : यंत्राने तीन वेळा नाकारला, सबब छायाचित्रावरून ओळख पटविण्यात आली.

बदलापुरात असंघटित कामगारांच्या नोंदणीचं शिबिर भरलं होतं, तिथल्या चार नंबरच्या टेबलावर पाच मिनिटांत झालेली ही नोंद. तिच्यात खोटं काही नाही. टेबलावरच्या मुलानं विचारलं, "मावशी, काम काय करता?" चंद्री म्हणाली, "लोकांच्या पोरांना आंघोळ घालते." त्याच्या संगणकात तसा रकाना नव्हता. त्यानं जवळचा रकाना धरला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

अंगठा मात्र का उमटला नाही, ते सांगायला हवं. माणसाचं वरचं कातडं महिन्या-दीड महिन्यात झडून नवं येतं, आणि येताना खालच्या थरातल्या रेघा जशाच्या तशा वर घेऊन येतं. म्हणून ठसा जन्मभर एकच राहतो, असं शास्त्र सांगतं. चंद्रीच्या अंगठ्यानं शास्त्राला तेवढी सवडच दिली नव्हती. तीस वर्षं ती अंबरनाथ-उल्हासनगरच्या घरांत बाळ-बाळंतिणीला तेल लावत आलेली. कढत पाणी, खोबरेल, डाळीचं पीठ, पुन्हा कढत पाणी. रेघा वर येण्याआधी पुढच्या घरची वेळ होई.

हे काम तिला सासूनं शिकवलं. सासूचं नाव रखमाबाई. मोरीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ घ्यायचं. "आदी बघ, मंग तेल लाव," रखमाबाई सांगायची. "तेल लागलं का कातडं लबाड व्हतं. सगलं सारकंच चकाकतं." म्हणून चंद्री तेलाच्या वाटीला हात घालण्याआधी बाळ नुसतं बघते. छातीवर अंगठा दाबून उचलते. दाबल्या जागी पिवळं दिसलं तर कावीळ. पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडते. झटकन बसलं नाही तर पोर सुकतंय, दूध पुरत नाही. मग आईला विचारते, "रात्री कितीदा पाजलंस?" आया चकित होतात. यात चकित होण्यासारखं काही नाही. कातडं हा शरीरातला सगळ्यात मोठा अवयव, आणि उघड्यावर असलेला एकमेव. बाकीच्यांचे निरोप त्याच्यावरच येऊन पडतात.

शेवटी ती मांडीवरच्या वळ्या मोजते. हे मात्र रखमाबाईनं शिकवलेलं नाही. त्यासाठी रंजना जन्माला यावी लागली.

रंजना चंद्रीची एकुलती एक लेक. पाड्यावर, घरीच झाली. पहिल्या महिन्यात तिच्या डाव्या मांडीवर एक वळी जास्तीची दिसायची, आणि चंद्रीला तिचा अभिमान वाटायचा. पाड्यावरची पोरं काटकुळी. आपली अंगानं भरतेय. ती वळी तिनं दोघी-तिघींना कौतुकानं दाखवलीही होती. रंजना दीड वर्षाची झाली तेव्हा चालायला लागली आणि डावीकडे कलायला लागली. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं वाढेल तसं जाईल. ती सात वर्षांची झाल्यावर चंद्रीनं तिला उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि बोट ठेवून दाखवलं : हा उजवीकडचा गोळा वाटीत आहे, हा डावीकडचा बाहेर. मग विचारलं, "लहानपणी या मांडीवर जास्तीची वळी होती का हो?"

चंद्री म्हणाली, "व्हती."

"सहा महिन्यांच्या आत आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं चंद्रीला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. मोठ्या माणसाची वाटी हाडाची आणि खोल. तान्ह्या पोराची बरीचशी कुर्चेची, मऊ, उथळ. तिचा आकार अजून ठरायचा असतो. गोळा आत बसून राहिला तर वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. गोळा बाहेर राहिला तर वाटीला खोल व्हायचं कारणच उरत नाही. बाळाला यात काही दुखत नाही. ते दूध पितं, पाय झाडतं, झोपतं. फक्त मांडीचं हाड वर सरकलेलं असतं, त्यामुळे त्यावरचं कातडं जरा जास्तीचं होतं, आणि जास्तीच्या कापडाला चुणी पडावी तशी एक चुणी पडते. ती चुणी हा एवढाच काय तो अर्ज. तोही पुष्कळदा खोटा निघतो. धडधाकट पोरांच्याही वळ्या कमी-जास्त असतात. म्हणून वळ्या सारख्या नसल्या की चंद्री दोन्ही गुडघे दुमडून बाजूला पाडून बघते. त्या एक्स-रेनंतर वीसेक वर्षं तिनं अशी पोरं पाहिली. वळ्या पुष्कळांच्या चुकल्या. गुडघे सगळ्यांचे सारखे पडले.

मग गेल्या साली चैत्रात तिला अंबरनाथच्या गावठाणातून जुन्या ओळखीच्या सखूचं बोलावणं आलं.

सखूचं घर तिथलं जुनं. एके काळी भातशेती, त्याआधीच्या पिढीत खाडीकडे मिठागर. आता शेताच्या जागी चार मजली इमारत, आणि तिच्या पहिल्या मजल्यावर सखू, तिचा नवरा जयदेव, मुलगा अमित आणि सून प्राची. जयदेव कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. कंबर मात्र अजून कामावर असल्यासारखी रोज सकाळी सातला दुखायला लागे. प्राचीला मुलगी झाली होती. पोटात ती पायाकडून होती, म्हणून सिझर करावं लागलं.

पायाकडून जन्मलेलं मूल म्हणजे पायाळू. पायाळूच्या पायात गुण असतो. उसण भरलेल्या पाठीला, धरलेल्या कंबरेला त्याची लाथ लागली की दुखणं उतरतं, हे त्या गल्लीत शाळेत न जाताही सगळ्यांना माहीत. वाद एवढाच होता, की पोट फाडून काढलेलं मूल पायाळू धरायचं का. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांचं मत विरुद्ध पडलं. सखूनं निकाल दिला :

"डाक्टरनी आदी काय भायेर कारला? पाय! मंग? पायालूच ती."

तेव्हापासून रोज सकाळी जयदेव पलंगावर पालथा पडे, आणि सखू नातीचा पाय धरून त्याच्या कंबरेला तीनदा टेकवी. डावाच पाय हवा, हा तिच्या माहेरचा नियम. जयदेवला गुण येतोय असं सखूनं जाहीर केलं. मग शेजारची एक आली, मग तिचा भाऊ, मग गल्लीच्या तोंडचा वाणी. बारा दिवसांच्या पोरीकडे सकाळी आठ ते नऊ पाठींची रांग लागायची. त्यानंतर सखू तिला दुपट्यात गुंडाळून ठेवी, दोन्ही पाय सरळ, काठीसारखे, कारण पाय सरळ बांधले नाहीत तर ते फेंगडे होतात, हाही माहेरचाच नियम.

नाळ पडल्यावर चंद्री पहिल्यांदा आंघोळ घालायला गेली. मोरीत बसली, पाय लांब केले, पोर नडग्यांवर घेतली. छाती दाबली, कावीळ नाही. चिमटी सोडली, कातडं झटकन बसलं. मग मांड्या.

उजवीवर दोन. डावीवर तीन.

तिनं गुडघे दुमडले आणि बाजूला पाडले. उजवा सहज पडला, पार पाटाकडे. डावा अर्ध्यात अडला. तिनं जोर केला नाही. नुसता हात तसाच ठेवला, आणि अंगठ्याखाली, मऊ कातड्याच्या आत कुठेतरी, काहीतरी सरकून घटकन बसलं आणि परत निघालं. आवाज झाला नाही. ते फक्त त्या अंगठ्याला कळलं, ज्याचा ठसा उमटत नाही.

चंद्रीनं पोरीला आंघोळ घातली, डाव्या पायाला न ओढता, आणि कुणाला काही न बोलता घरी गेली.

घरी रंजना होती. आता ती तिशीची. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करते. बसून करायचं काम. चंद्रीनं तिला सांगितलं.

"बोलू नको, आये," रंजना म्हणाली. "बनूबायचं काय झालं ठाऊक हाय ना तुला?"

ठाऊक होतं. बनूबाई ही कॅम्प एकमधली मालीशवाली. एका घरात पोराचा हात सुजला, ती म्हणाली दवाखान्यात दाखवा, दवाखान्यात हाड मोडलेलं निघालं, आणि मोडलं कुणी याचा शोध घरापासून सुरू होऊन बनूबाईपाशी संपला. त्याला जेमतेम दुपार लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

"सोनोग्राफी-बिनोग्राफी करतीलच त्ये लोक," रंजना म्हणाली. "पैशेवाले हायेत. तू कशाला मधी पडतंस?"

"नाय केली तर?"

"मंग त्यांचं नशीब."

असं म्हणून रंजना चहा टाकायला उठली. घराची जमीन शहाबादी फरशीची. एक पाऊल जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. हा आवाज चंद्रीच्या घरात इतकी वर्षं होता, की घड्याळासारखा तो तिला ऐकू येणंच बंद झालं होतं. त्या संध्याकाळी तो चुलीपर्यंत गेला आणि परत आला, आणि चंद्रीनं तो पूर्ण ऐकला.

दुसऱ्या दिवशी ती आठाच्या आधी पोचली. जयदेव पालथा पडलेला होता. सखू पोरीला घेऊन पलंगाशी आली आणि डाव्या पायाला हात घालणार, तोच चंद्री म्हणाली, "सखूबाय, त्यो पाय नको धरूस."

"का गो?"

"त्यो जाग्यावर नाय. खुब्यातून भायेर हाय."

सखूनं पोरीला छातीशी ओढलं.

"काल आलीस, काल आंग चोललंस, न् आज बोलतंस पाय निखळला? तूच वरलास! माजी नात सोन्यासारकी व्हती!"

"मी नाय वडला. आनि तुज्यानंबी नाय निखळला. पोटात आसल्यापासून हाय त्यो. पायाकडून आसलेल्या पोरींना व्हतो."

"पायालूच्या पायात गुन आसतो, खोट नाय आसत!"

"आसंल गुन. पन त्यो पाय जाग्यावर नाय."

आतल्या खोलीतून प्राची आली, टाक्यांवर हात ठेवून, हळूहळू. ती बँकेत नोकरी करते. घरात आवाज चढला की आधी विषय काय ते विचारायची तिला सवय. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

चंद्रीनं सखूच्या हातातली पोर घेऊन पलंगावर, जयदेवच्या शेजारी ठेवली आणि दुपटं सोडलं. "मोज."

प्राचीनं मोजल्या. एकदा मोजल्या, मग बोट ठेवून मोजल्या.

"इथे दोन आहेत. इथे तीन."

"गुटगुटीत हाय पोर!" सखू म्हणाली.

"मीबी तेच म्हनले व्हते," चंद्री म्हणाली. "माज्या रंजनाच्या टायमाला."

रंजनाला सखूनं पाहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती दिवाळीला आईबरोबर आली होती, आणि जिना चढताना तिला पाहून सखूच म्हणाली होती, "अरे देवा, कसं व्हायचं या पोरीचं?" ते सखूला आता आठवलं की नाही, सांगता येत नाही. ती पलंगाच्या कडेला बसली एवढं खरं.

प्राचीनं दवाखान्याची फाइल काढायला सांगितली. ती देवघराखालच्या कपाटात, पत्रिकेच्या कागदांबरोबर होती. शेवटच्या पानावर, तळाशी, इंग्रजीत एक ओळ होती : सहा आठवड्यांनी खुब्याची सोनोग्राफी. अमितला कामावर फोन लावला.

"हां, वाचलं होतं ना मी ते," अमित म्हणाला. "मला वाटलं तुझं आहे. तुला ते कमरेत इंजेक्शन दिलं होतं ना ऑपरेशनला, त्याचं चेकिंग असेल. म्हटलं, दुखलं तर बघू."

"अमित, माझी कंबर दुखत नाहीये."

"हो ना, म्हणूनच तर नंबर नाही लावला."

प्राचीनं फोन ठेवला. मग जयदेव उठून बसला. उठताना कंबर धरली. तो आयुष्यभर फिटर. गोळा वाटीत बसलेला नसला की पुढे काय होतं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"असाच तो पाय ओढत राहिलो तर वाटी घासंल," तो सखूला म्हणाला. "माझी कंबर तीस वर्षं दुखतेय. दुखू दे अजून."

सदरा घालून तो रिक्षा बघायला खाली उतरला. वाणी पाठ दाखवायला जिना चढत होता, त्याला त्यानं अर्ध्यातूनच परत पाठवलं.

कॅम्प पाचमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गोळा बाहेरच होता. "वेळेत आणलंत," ते म्हणाले आणि कोणी पाठवलं ते विचारलं. प्राची म्हणाली, "आमच्या मालीशवाल्या मावशींनी." डॉक्टर कौतुकानं हसले, आणि 'कोणाकडून पाठवले' या रकान्यात त्यांनी 'स्वतःहून' असं लिहिलं.

उपचार म्हणजे कापडी पट्टे. खांद्यांवरून निघून पायांपर्यंत येणारे. त्यांत पोर बेडकासारखी, गुडघे दुमडून बाजूला फाकवून राहते, म्हणजे गोळा वाटीत बसतो आणि वाटी त्याच्याभोवती वाढते. सरळ बांधायचं नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, सखूकडे बघून. बारा आठवडे. पट्टे डॉक्टरांशिवाय कुणी सोडायचे नाहीत. तेल नाही, मालीश नाही, पायावर घेऊन आंघोळ नाही. म्हणजे ज्या बाईनं पाय ओळखला, तिचं त्या घरातलं काम त्याच दिवशी संपलं.

बाहेरचंही संपायला वेळ लागला नाही. सखू खोटं बोलली नाही. ती गल्लीत एवढंच म्हणत राहिली, "चंद्री आली न् दोन दिसांत पोरीला पट्टे लागलं." दोन्ही गोष्टी खऱ्या, क्रमही बरोबर. आषाढ लागेपर्यंत चंद्रीची चार घरं गेली. ती बारवीकडे लावणीला जाऊ लागली. ज्या हातांना तान्ह्या पोराचा खुबा कळत होता, ते चिखलात भाताची रोपं खोचू लागले. रोपंही सरळ लागली.

रंजना तिला एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही. तिनं फक्त एका रविवारी, तांदूळ निवडताना विचारलं, "त्ये पट्टे कसले आसतात गं?"

चंद्रीनं स्वतःच्या अंगावर बोट फिरवून दाखवलं. इथून निघतात, असे येतात, इथे अडकवतात.

"लोखंडाचे?"

"नाय. कापडाचे."

"नुसते कापडाचे?"

"कापडाचे."

रंजना तांदळातले खडे वेचत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "शिवण कसली हाय? दुहेरी का?"

"दुहेरी," चंद्री म्हणाली.



पोरीचं नाव मनाली ठेवलं. पट्टे आषाढ सरता सरता निघाले. दिवाळीच्या आधी प्राचीनं बँकेतल्या एका मैत्रिणीला चंद्रीचं नाव दिलं, तिनं तिच्या बहिणीला. हळूहळू तीन नवी घरं मिळाली, गल्लीतलं एकही नाही. जयदेवच्या कंबरेला नातीचा पाय पुन्हा कधी लागला नाही. सखू मनालीला आता कडेवर घेते, दोन्ही पाय कंबरेच्या दोन बाजूंना टाकून, पाड्यावरच्या बाया घेतात तशी. कुणी विचारलं तर ती सांगते की ही तिच्या माहेरचीच पद्धत.

नोंदणीचं शिबिर झालं ते यंदाच्या ज्येष्ठात. टेबलावरच्या मुलानं चंद्रीला छापलेलं कार्ड दिलं, "जपून ठेवा मावशी, हीच तुमची ओळख," असं सांगितलं. चंद्रीनं ते ब्लाउजात खोचलं आणि रिक्षानं अंबरनाथला गेली. दुपारी प्राचीचा फोन आला होता, या म्हणून. दार सखूनं उघडलं. "बस," एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला गेली. चंद्री भिंतीला टेकून फरशीवर बसली. आतल्या खोलीतून स्वयंपाकघराकडे कुणीतरी निघालं होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही. मान खाली घालून ऐकत राहिली.

मनाली चालते. दोन्ही पावलं सारखी वाजतात.